शंभराचा बल्ब

दवाखान्याच्या जिन्याखालचं मीटर बघितल्याशिवाय बाबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला नाही. खिशातली छोटी बॅटरी काढली, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि धुळीने माखलेल्या काचेवर तिरपा उजेड पाडून आतल्या आकड्यांकडे असे रोखून बघत राहिले, की जणू त्या पेटीत कोणीतरी श्वास रोखून लपून बसलंय.

"बाबा, आपला नंबर जाईल," भिंगरी म्हणाली.

"जाऊ दे. हे बघ आधी." बॅटरीचा उजेड वायरींवरून सरपटत वर गेला. "खाली औषधाचं दुकान. मधे रक्त तपासायची लॅब. वर डॉक्टरीण. आणि मीटर किती?"

"एकच."

"एकच!" बाबा कंबर धरून सरळ झाले. चेहऱ्यावर चोर रंगेहाथ सापडल्याचं समाधान. "एका मीटरवर तिघांचं कनेक्शन. आता काय समजायचं ते समज."

भिंगरीने समजून घेतलं. म्हणजे नक्की काय ते तिला सांगता आलं नसतं, पण बाबांची असली वाक्यं तिला भारी आवडायची. त्यांत एखाद्या कटाचा वास असायचा. आणि आज तर ती स्वतःच एका कटात होती, नुसती नाही, मुख्य भूमिकेत. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात लॅबचा रिपोर्ट होता. वर गेल्यावर तो कोणत्या क्षणी काढायचा, डॉक्टरीणबाईंना आधी किती बोलू द्यायचं, मग बाबांनी काय बोलायचं, सगळं ठरलं होतं. येताना रस्त्यात दोघांनी त्याची तालीमसुद्धा केली होती. डॉक्टरीणबाईंचं काम भिंगरीने केलं होतं, अगदी नाकावर चष्मा ओढून.

बाबा वीज कंपनीत मीटर रीडर होते. शहराचा निम्मा भाग त्यांनी पायाखाली घातला होता, आणि त्या निम्म्या भागातल्या कोणाच्याही शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. तो त्यांचा स्वभाव नव्हता, ते काम होतं, असं ते म्हणत. मीटरला लोहचुंबक चिकटवणारे, सील तोडून पुन्हा बेमालूम जोडणारे, दारातून गोड हसत मागच्या मागे कुत्रा सोडणारे, सगळे नमुने त्यांनी बघितले होते. आता घरात दुधाची पिशवी आली तरी ते आधी तिची शिवण बघत. भिंगरीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी ढालीवरचं नाव नखाने खरवडून बघितलं होतं. "कोरलेलं आहे," ते म्हणाले होते, "चिकटवलेलं नाही." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कोणी ऐकलं नव्हतं.

ती ढाल लांब पल्ल्याच्या शर्यतीची होती. तेव्हापासून भिंगरीचा आवाज एक पट्टी वर चढलाय, असं आई म्हणायची. चढला तर चढला. जी मुलगी कालपर्यंत वर्गात हात वर करताना सुद्धा दुसऱ्या हाताने पहिल्याला आधार द्यायची, ती आता शिक्षकांच्या खोलीत न विचारता शिरत होती. पुढच्या महिन्यात तिला बाहेरच्या शाळांशी पळायचं होतं. आणि ती पळणारच होती. टाचा साथ देणार होत्या.

टाचांची गोष्ट म्हणजे त्यांच्या घराण्याची गोष्ट. घोट्याच्या मागे, टाचेवर उतरणारी जी दोरी असते, ती इतरांना बोटाएवढी असते. बाबांना, आत्याला, वारलेल्या मोठ्या काकांना आणि त्याच्याही आधी आजोबांना ती चांगली अंगठ्याएवढी जाड, गाठाळ. घरात तिला घोडटाच म्हणत. आजोबा रेल्वेच्या रुळांवरून पायी गस्त घालायचे. म्हणे, त्यांच्या बरोबरीने चालायला दोन माणसं पुरत नसत. ते गेले तेही चालताना. "आजारी पडून गेले नाहीत," आत्या ताठ मानेने सांगायची, "ऐटीत चालत होते, आणि गेले." ऊन लागलं म्हणतात. काका गेले ते ऑफिसच्या जिन्यात. त्यांना कामाचा ताण होता. पण घोडटाच ज्याला आहे त्याला रस्ता थकवू शकत नाही, हे घरात सिद्ध झालेलं सत्य होतं. भिंगरी रोज आंघोळ झाली की वाकून आपली टाच चिमटीत धरून बघायची. आली का? अजून नाही. बहुतेक येईल. आत्याला उशिराच आली होती.

आणि संशयाची पाल नेमकी त्या टाचेवरूनच चुकचुकली होती.

झालं होतं असं, की कंपनीने सगळ्यांची तपासणी केली आणि बाबांच्या रक्तात कोलेस्टेरॉल निघालं. थोडंथोडकं नाही. आईने लगेच स्वयंपाकघरातलं तेल कुलूपबंद केलं, आणि बाबांना या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. त्या पहिल्या भेटीत बाईंनी रिपोर्ट जेमतेम बघितला आणि एकदम म्हणाल्या, "मोजे काढा."

"रक्तात दोष आणि ही मोजे काढायला लावते!" बाबांनी घरी आल्यावर तो प्रसंग उभं राहून करून दाखवला होता. "वर माझी टाच अशी चिमटीत धरली. धरली ती सोडेचना! मी म्हटलं, मॅडम, घराण्याची खूण आहे. तर काही बोलली नाही. नुसती मान हलवली. कुठेतरी पाणी मुरतंय, भिंगरे. मी सांगतो तुला."

मग बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. रोज एक. किती दिवस? तर कायम.

"कायम!" बाबा म्हणाले. "मला दुखत नाही, खुपत नाही. चार मजले चढलो तरी धाप लागत नाही. आणि गोळी कायमची. खालच्या दुकानाला जन्माचं गिऱ्हाईक बांधून दिलं. त्यात आमच्या ऑफिसातला तो टकलू म्हणतो, या गोळ्यांनी पायातला जोर जातो. पाय गेले तर मी काय, घरबसल्या मीटर वाचू?"

गोळ्या आणल्या, कारण आई दुकानाची पावती बघायची. पण घेतल्या नाहीत. त्या बाबांच्या कामाच्या पिशवीत, पक्कड आणि टेस्टरच्या सोबतीला जाऊन पडल्या. हे फक्त भिंगरीला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे याचा तिला केवढा अभिमान होता.

काही आठवड्यांनी बाईंनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं, आणि बाबांना शंभराचा बल्ब आठवला.

गिऱ्हाईक जेव्हा ओरडतं की मीटर फास्ट पळतंय, तेव्हा बाबा वाद घालत नाहीत. घरातला एकेक दिवा, पंखा, फ्रिज, सगळं बंद करायला लावतात, आणि पिशवीतून शंभर वॅटचा बल्ब काढून तेवढाच एक पेटवतात. बल्ब साधा. त्याला खोटं बोलता येत नाही. शंभराचा बल्ब शंभराइतकीच वीज खाणार. मग मीटरसमोर उभं राहायचं आणि बघायचं, ते किती पळतंय. बल्बच्या मानाने जास्त पळालं, तर मीटर लबाड. संपला विषय.

"लॅबचं यंत्र म्हणजे पण मीटरच," बाबा त्या दिवशी म्हणाले होते. "त्याच्यासमोर एक बल्ब ठेवायला हवा. खात्रीचा." आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर भिंगरी दोरीवरच्या उड्या मारत होती, शंभराच्या वर गेली होती, आणि तोंडाने गाणंही म्हणत होती.

लॅबच्या ताई सकाळी घरी आल्या, तेव्हा आई कामावर गेलेली होती. नोंदणी बाबांच्या नावाने होती. पण बाबांचं नाव असं, की ते मुलाचं म्हणून खपेल आणि मुलीचंही. त्यावरून शाळेत पोरांनी त्यांना रडवलं होतं. इतक्या वर्षांनी ते प्रथमच कामाला आलं. ताई घाईत होत्या, पाठीवर बॅग, पुढची चार घरं डोक्यात.

"कोणाचं घ्यायचंय?"

"हिचं," बाबा म्हणाले.

"नाव बरोबर आहे ना?"

"हो हो. बरोबर."

ताईंनी नळीवर नोंदणीचा आकडा टाकला. सुई टोचली तेव्हा भिंगरीने अजिबात डोळे मिटले नाहीत. गडद लाल रक्त नळीत चढताना तिने बघितलं आणि तिला वाटलं, काय झकास आहे! बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. पहारा देतायत, असं तिला वाटलं.

रिपोर्ट आला. बाबांच्या नावाने, भिंगरीच्या रक्ताचा. आणि त्यात कोलेस्टेरॉल वाढलेलं! बाबांनी टेबलावर अशी थाप मारली की पाण्याचा पेला आडवा झाला. "सापडले! पोरगी हरणासारखी पळते, आणि म्हणे हिच्या रक्तात चरबी!" दोघं पोट धरधरून हसले. भिंगरी छातीवर हात ठेवून "आई गं, गेले मी, गेले" करत कोचावर कोसळलीसुद्धा. बाबांना उचकी लागली.

आज त्या हसण्याचा हिशोब व्हायचा होता.

"या, मीटरवाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चष्मा केसांत खोचलेला होता, आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या. "ही कोण?"

"मुलगी. म्हटलं, सोबत असावी."

"असावीच. बस गं." चष्मा सापडला. "रिपोर्ट आणलाय?"

भिंगरीने दप्तराच्या कप्प्यातून रिपोर्ट काढून, ठरल्याप्रमाणे शांतपणे, पुढे सरकवला. बाई वाचायला लागल्या. खोली लहानशी होती. वजनाचा काटा, तपासायचा उंच पलंग, खिडकीत एक कुंडी, तिच्यात रोपाऐवजी पेनं खोचलेली. भिंतीवर हृदयाचं चित्र. बाबांनी एका नजरेत सगळे स्विच मोजून घेतले होते, हे भिंगरीने ओळखलं.

"गोळी घेताय?"

बाबांनी भिंगरीकडे बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात चमक. "घेतो की."

"रोज?"

"न चुकता."

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला आणि चष्म्यावरून बाबांकडे बघितलं, हुबेहूब तसं, जसं बाबा सील तुटलेल्या घरमालकाकडे बघतात. "मग हा आकडा एवढाच कसा उतरला? उतरलाय, नाही असं नाही. पण रोज गोळी घेतलेल्या माणसाचा आकडा असा दिसत नाही. मीटरवाले, तुम्ही गोळी घेत नाही."

हे तालमीत नव्हतं. पण बाबा डगमगले नाहीत. उलट खुर्चीत पुढे सरकले.

"नाही घेत," ते म्हणाले. "एकही घेतली नाही. तुम्ही बरोबर पकडलंत. पण मॅडम, आता माझी पाळी. न घेता आकडा उतरला कसा, हे विचारा ना मला."

"सांगा."

"कारण ते रक्त माझं नाहीच!"

पंखा घरघरत होता. बाबांनी मग सगळं सांगितलं, हातवारे करत, मजा घेत घेत. गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा काय करतात, बल्ब काय असतो, घरातलं सगळं बंद का करायचं. "यंत्र तपासायचं तर त्याला खात्रीचं काहीतरी द्यावं लागतं. मी खात्रीचं दिलं. ही पोर. शाळेत पहिली येते पळण्यात. चरबी नावाला नाही अंगावर. हिचं रक्त दिलं मी माझ्या नावावर, आणि तुमचं यंत्र म्हणतं जास्त! आता बोला. शंभराचा बल्ब, मॅडम. बल्ब कधी खोटं..."

 बाई बाबांकडे बघत नव्हत्या. त्या भिंगरीकडे बघत होत्या.

भिंगरीच्या चेहऱ्यावर ठरलेलं विजयाचं हसू होतं. ते आता काढून ठेवावं की राहू द्यावं, तिला कळेना.

"हिचं?" बाईंनी विचारलं. अगदी हळू. "हा आकडा हिचा आहे?"

"हो, म्हणजे तेच तर..." बाबा थांबले.

"वय काय हिचं?"

बाबांनी सांगितलं. आवाज अजून मघाचाच होता, पण आतून कोणीतरी त्याचा दाब कमी केला होता.

"मीटरवाले, तुम्ही यंत्र तपासलंत. चांगलं केलंत, मला राग नाही. लॅबने वय न बघता रक्त नेलं, त्याची खबर मी घेईन." बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "पण बल्ब शंभराचाच आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? बल्ब तपासला होता?"

बाबांनी रिपोर्ट स्वतःकडे ओढला आणि आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला.   

"इकडे ये, बेटा. बूट काढ. मोजेपण."

ती उंच पलंगावर बसली. पाय लोंबकळत होते. बाईंनी खाली स्टुलावर बसून तिचं पाऊल हातात घेतलं, घोट्यामागची दोरी चिमटीत धरली, आणि बोटं सावकाश वरून खाली नेली. मग दुसऱ्या पायाची. बोटं थंड होती. किती वर्षं भिंगरीने हीच चिमटी स्वतः धरली होती. सवयीने ती बोलून गेली, आणि तोंडातून निघून गेल्यावरच तिला कळलं.

"आली का?"

बाईंनी वर बघितलं. त्यांना तो प्रश्न कळायला नको होता. पण बाबांची टाच त्यांनी बघितली होती, घराण्याची खूण त्यांनी ऐकली होती.

"सुरुवात आहे," त्या म्हणाल्या.

एवढंच ऐकायला ती थांबली होती, लहानपणापासून. आरशासमोर तिने ठरवलं होतं की आत्याला फोन करून सांगताना आधी काय म्हणायचं. आता तिने पाय बाईंच्या हातातून हळूच ओढून घेतला.

मग बाईंनी आजोबांबद्दल विचारलं. किती वय होतं? बाबा म्हणाले, नक्की माहीत नाही. मग म्हणाले, "माझ्याहून लहान असतील. आता आहे त्याहून." काका? जिन्यात. ताण होता म्हणतात. "ताण होता," बाबांनी पुन्हा म्हटलं, स्वतःलाच विचारल्यासारखं.

"ऐका. यात खाण्याचा दोष नाही. घरात हिच्या आईने तेल बंद केलंय, म्हणाला होतात ना? करू दे, चांगलंच आहे, पण तेवढ्याने भागायचं नाही. काहींच्या शरीरात रक्तातली ही चरबी उचलून न्यायचं काम जन्मापासूनच मंद असतं. आईकडून नाहीतर बापाकडून येतं. माणूस काटकुळा असला, दिवसभर चालला, तरी ती साठते. शिरांत साठते, आणि काहींना इथे, टाचेच्या दोरीत. तुम्ही जिला खूण म्हणता ती ही. मी पहिल्या दिवशीच तुम्हाला मुलांना घेऊन या म्हणणार होते. पण तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात, की मी तुमची टाचच चोरतेय. म्हटलं, आधी एवढी गोळी घेऊ देत, विश्वास बसू दे."

"दुखत काहीच नाही, मॅडम."

"नाहीच दुखत. दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो."

बाबांनी पिशवी मांडीवर ओढली. पक्कड बाजूला केली, टेस्टर बाजूला केला. गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. एकही गोळी फोडलेली नव्हती; सगळे फुगे जसेच्या तसे. भिंगरीने ते पाकीट कितीदा तरी बघितलं होतं, आणि दर वेळी तिला ते डॉक्टरीणबाईंवर मिळवलेल्या विजयासारखं वाटलं होतं.

"याने पाय जातात म्हणतात," बाबा म्हणाले.

"काही जणांचे स्नायू दुखतात. खरं आहे. दुखले तर मला येऊन सांगायचं. गोळी कमी करू, बदलू, दुसरी देऊ. उपाय आहेत. ऑफिसातल्या माणसाला नाही सांगायचं. मला सांगायचं."

"माझं नाही विचारत." बाबा टेबलाकडेच बघत होते. "हिला पुढच्या महिन्यात पळायचंय."

बाई भिंगरीकडे वळल्या. "पळायचंय?"

"हो." तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. तिने तो पुन्हा काढला, नीट. "हो. पळायचंय. पळू का?"

"छातीत दुखतं कधी पळताना? चक्कर? एकदम अंधारी?"

"नाही. कधीच नाही."

"मग पळ. आधी तुझ्या स्वतःच्या नावाने रक्त तपासू. आलंच तसं, तर पुन्हा एकदा. मग मुलांच्या हृदयाचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे पाठवते. तुझ्या वयात सापडलं, ही वाईट बातमी नाहीये, कळलं का? तुझ्या आजोबांना कोणी सांगितलंच नव्हतं." त्यांनी कुंडीतलं एक पेन उपसलं. "आणि तुझ्या आत्यालाही बोलवा. किती भावंडं आहेत अजून? सगळ्यांना."

भिंगरी मोजे घालायला लागली. एक उलटा घातला. काढला, पुन्हा घातला.

"मॅडम," बाबा उठता उठता म्हणाले, "यंत्र चुकू शकतं ना? एखाद्या वेळी?"

"चुकू शकतं. म्हणून तर पुन्हा तपासायचं." बाईंच्या आवाजात आता कडकपणा नव्हता. "आकडा मी बनवत नाही हो. मी फक्त वाचते."

भिंगरीने झटकन बाबांकडे बघितलं. हे वाक्य त्यांचं होतं. दारोदारी, भांडायला उठलेल्या प्रत्येक माणसाला ते हेच ऐकवत. बाबांनी ते ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यांनी टेबलावरचं पाकीट उचललं आणि पिशवीत नाही, शर्टाच्या खिशात ठेवलं.

जिना उतरताना ते पुढे होते. नेहमी त्यांच्या चालीला गाठायला भिंगरीला पळावं लागायचं. आज ती एका पायरीवर थांबली तर तेही खालच्या पायरीवर थांबले, मागे न बघता. त्यांच्या चपलेतून मागे ती दोरी दिसत होती, जाड, गाठाळ, प्रत्येक पायरीला ताणली जाणारी. घराण्याची.

त्या सकाळी ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. पहारा द्यायला माणूस दाराकडे बघतो, भिंतीकडे नाही. हे तिला आत्ता सुचलं. आणि हेही, की लॅबच खोटी ठरवायची होती, तर बाबांना दुसऱ्या लॅबमध्ये जाता आलं असतं. स्वतःचा हात पुढे करून. शहरात काय एकच लॅब होती? निम्म्या शहराचं रीडिंग घेणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं?

तिने विचारलं नाही. कधीतरी विचारीन, असं मनाशी म्हणाली, आणि दोन पायऱ्या एकदम उतरून त्यांच्या शेजारी आली.

मधल्या मजल्यावर लॅबचं दार उघडं होतं. आत त्याच ताई. बॅग नव्हती, पुढ्यात चहाचा पेला होता.

"अगं, तू!" त्यांनी भिंगरीला ओळखलं. "काय झालं, परत?"

"दोघांचं करायचंय," बाबा म्हणाले. "माझं आणि हिचं. वेगवेगळ्या नावांनी. खाल्लेलं चालतं म्हणाल्यात वरच्या मॅडम."

"चालतं. आधी कोण?"

भिंगरी पुढे झाली. पण बाबा तिच्या आधी खुर्चीत बसले होते. बाही वर सरकवताना त्यांना एक बटण सापडेना. शेवटी तिनेच ते काढून दिलं. ताईंनी पट्टा आवळला. सुई हातात घेतली.

बाबांनी भिंतीकडे बघितलं. मग मान वळवली आणि सुईकडे बघितलं, ती आत जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.

मग भिंगरी बसली. या खेपेला तिला ते झकास वाटलं नाही. पण तिने डोळे मिटले नाहीत.

"नाव सांगा," ताई म्हणाल्या.

बाबांनी आपलं सांगितलं. भिंगरीने आपलं सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शर्यतीआधी माइकवरून पुकारतात तसं. ताईंनी दोन्ही लिहून नळ्यांवर चिकटवलं, आणि नळ्या खोक्यात ठेवायला हात पुढे केला.

"एक मिनिट, ताई."

बाबांनी खिशातून बॅटरी काढली. लॅबमध्ये चांगला लख्ख उजेड होता, तरी काढली. गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि भिंगरीच्या नळीवर तिरपा उजेड पाडून अक्षर न् अक्षर वाचत राहिले. 

चिकटवलेल्या कागदाचा कोपरा त्यांनी नखाने हळूच उचकटून बघितला, आणि पुन्हा अंगठ्याने घट्ट दाबून बसवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हिचंच आहे."